१८५ रुपयांचा टी-शर्ट

शनिवार सकाळ, दुसरा चहा, बाहेर पावसाची रिपरिप. आज खरं तर गेल्या आठवड्यातल्या ट्रेकबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण तीन आठवडे डोक्यात एकच विषय घोळतोय आणि तो एकदाचा बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. विषय आहे टी-शर्ट. हसू नका, थोडं वाचा.

झालं असं, की आमच्या कंपनीचा वर्धापनदिन ऑगस्टमध्ये असतो आणि त्या निमित्तानं दरवर्षी सगळ्यांना एक टी-शर्ट मिळतो. पुढं लोगो, मागं एखादं स्फूर्तिदायक वाक्य. माझ्याकडं असे सात आहेत. यंदा टी-शर्टची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर मी इचलकरंजीचा. 'महाराष्ट्राच्या मँचेस्टर'मधल्या माणसाला कापडातलं कळतच असणार, असं आमच्या मॅनेजरचं लॉजिक. (या हिशेबानं प्रत्येक कोल्हापूरकराला कुस्ती यायला पाहिजे.)

त्यात यंदाची थीम 'सस्टेनेबिलिटी'. म्हणजे टी-शर्टवर एक हिरवं पान छापायचं. एचआरनं पाठवलेल्या स्लाइडवर लिहिलं होतं की एका सुती टी-शर्टला २७०० लिटर पाणी लागतं, तेव्हा आपण जबाबदारीनं खरेदी करूया. खाली बजेट होतं: ३५० नग, साधारण पासष्ट हजार.

तीन कोटेशनं आली. नगाला १८५, २४० आणि ३१० रुपये. तिन्ही नमुने टेबलावर ठेवले, लोकांनी हात लावून बघितले. चार धुण्यांनंतर फरक कळला असता, पण टेबलावर तिन्ही सारखेच. मीटिंग चार मिनिटांत संपत आली होती. १८५ वाला फायनल, त्यावर हिरवं पान, चला, पुढचा मुद्दा जेवणाचा.

फायनल करण्याआधी मी सहज त्या १८५ वाल्याला फोन लावला.

"कापड कुठलं?"

"तिरुपूरचं सर, एक नंबर."

"रंगवलं कुठं?"

"तिकडंच कुठंतरी, सर."

"आणि शिवतं कोण?"

"आपलीच माणसं आहेत सर, टेन्शन नका घेऊ."

नेमकं हे ऐकूनच मला टेन्शन आलं. कारण 'आपली माणसं' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझे वडील कुणाच्या तरी शेडमध्ये 'आपली माणसं'च होते.

आण्णांचा हिशेब

आण्णा १९८४ साली मागावर उभे राहिले आणि पस्तीस वर्षं तिथंच होते. स्वतःचे माग नव्हेत, दुसऱ्याच्या शेडमध्ये. इचलकरंजीत यंत्रमाग १९०४ पासून आहेत, पण आण्णांच्या पिढीतल्या पुष्कळ जणांना या धंद्यात काम मिळालं त्यामागं मुंबईचा एक संदर्भ आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ गिरण्या पुन्हा धड उभ्याच राहिल्या नाहीत. पण देशाला कापड तर लागतच होतं! गिरणीतून यंत्रमागाकडं कापड आधीपासूनच सरकत होतं, संपानं ते आणखी जोरात सरकलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. म्हणजे जिथं एकेका शेडमध्ये मोजके माग, मोजकी माणसं, आणि कामगार कायद्यातनं निसटायला भरपूर जागा. गिरणीतल्या कामगाराला पगार, फंड, ग्रॅच्युइटी असायची. आण्णांना मीटरवर मजुरी होती. धागा तुटला की माग थांबायचा. माग थांबला की मीटर थांबायचं, आणि मीटर थांबलं की मजुरी.

लाइट गेली तरी तेच. सुट्टीचा तर प्रश्नच नाही.

आज आण्णांना कमी ऐकू येतं. ज्यानं कधी चालू शेडमध्ये पाच मिनिटं काढलीत त्याला कारण सांगावं लागणार नाही. घरात टीव्ही एवढा मोठा असतो की शेजारच्यांना वेगळा लावावा लागत नाही. फोनवरही मोठ्यानं बोलावं लागतं. तर मी मोठ्यानं विचारलं, "आण्णा, १८५ ला टी-शर्ट बसतो का?"

टी-शर्ट मागावर होत नाही, तो विणायची यंत्रं वेगळी असतात आणि ते काम तिरुपूरकडं चालतं, हे आण्णांनी आधी मला सुनावलं. मग म्हणाले, "बसतंय की. न बसायला काय झालं?"

खरं सांगतो, मला 'अजिबात बसत नाही' हे उत्तर हवं होतं. म्हणजे ईमेलमध्ये तसं लिहून टाकता आलं असतं.

"आरं, बसवायचं म्हटल्यावर बसतंयच. सुताचा भाव कोण ठरवतंय?"

"बाजार."

"विजेचं बिल?"

"ते तर ठरलेलंच."

"मशीनचा हप्ता?"

"बँक कुठं ऐकते?"

"मग राहिलं काय?" मी गप्प. "मजुरी राहिली. आन् पाणी राहिलं. तेवढ्याच दोन गोष्टी रबरागत असतात. दाबशील तेवढ्या दबतात."

गेले तीन आठवडे डोक्यात घोळतंय ते हेच. मी आजवर कितीतरी लेख वाचलेत फास्ट फॅशनवर, डॉक्युमेंटऱ्या बघितल्यात. पण कपड्याच्या किमतीचं गणित इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. सूत विकणारा पैसे घेतल्याशिवाय सूत देत नाही. वीज कंपनी बिल थकलं की कनेक्शन तोडते. शिवणारी बाई मात्र नगाला दोन रुपये कमी मिळाले तरी उद्या येते, कारण परवाही तिला यायचंच असतं. आणि नदी तर बिलच पाठवत नाही. ती फक्त रंग बदलते.

बिल न पाठवणारी नदी

पंचगंगेचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगू? कोल्हापुरातून ती इचलकरंजीकडं येते आणि पुढं नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. वाटेत तिच्यात शहरांचं मैलापाणी येतं, कारखान्यांचं येतं, कापड प्रोसेसिंगचं येतं. उन्हाळ्याच्या तोंडाला तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच, ही बातमी आमच्याकडं इतक्यांदा येऊन गेलीय की लोक आता वाचून पान उलटतात.

२०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागलो होतो. आई फोनवर रोज गल्लीतल्या नव्या पेशंटचं नाव सांगायची. माणसं दगावली. इथं प्रामाणिक राहायला पाहिजे. ती काविळ मैलापाण्यातून आली होती, रंगाच्या पाण्यातून नव्हे. त्या साथीचं खापर कापड धंद्यावर फोडणं चुकीचं होईल. पण मूळ रोग एकच, असं मला वाटतं. पाणी वापरणाऱ्याने ते स्वच्छ करून सोडायचं, हा खर्च सगळ्यांनाच टाळता येण्यासारखा वाटतो. नगरपालिका असो, कारखाना असो. मग तो खर्च खालच्या अंगाला राहणारा माणूस दवाखान्यात भरतो.

आता त्या स्लाइडवरचे २७०० लिटर. हा आकडा तुम्हीही कुठंतरी वाचला असेल. तो जगाची सरासरी म्हणून फिरतो आणि त्यात पिकावर पडलेला पाऊसही धरलेला असतो. विदर्भातला कापूस बहुतांश कोरडवाहू. तिथं शेतकरी पाणी उधळत नाही, तो आभाळाकडं बघत बसतो. तिथला प्रश्न वेगळाच आहे. बी-बियाणं, खत, फवारणी, सगळं आधी उधारीवर आणायचं आणि शेवटी पडेल त्या भावाला माल द्यायचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाचाही धुव्वा उडवला होता. '२७०० लिटर' या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. उलट आपण लिटर मोजत बसतो आणि माणूस मोजायचा राहून जातो.

म्हणजे आण्णांच्या यादीत मला एक तिसरी रबरी गोष्ट जोडावी लागेल: शेतकरी. सुताचा भाव बाजार ठरवतो हे खरं, पण कापसाचा भाव शेतकऱ्यानं ठरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

रिसायकल करू की!

ही सगळी टकळी मी ऑफिसात लावली तेव्हा एका मित्राचं उत्तर तयार होतं. "अरे, एवढं काय? जुने टी-शर्ट गोळा करू, रिसायकल करू. मस्त फोटोपण येतील."

रिसायकलिंगला माझा विरोध नाही. आपल्याकडं ते नवीनही नाही. आमच्या लहानपणी बोहारीण यायची. आई जुन्या साड्या-पँटींचा ढीग तिच्यापुढं टाकायची आणि तासभर घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं मिळवायची. त्याआधी जे सुती होतं त्याची गोधडी व्हायची, गोधडीतनं उरलेलं पायपुसणं, आणि पायपुसण्याचा शेवट लादी पुसायला. पानिपतला आजही जगभरातले जुने लोकरी कपडे येतात, हातानं निवडले जातात आणि त्यांचं सूत काढून पुन्हा घोंगड्या होतात.

पण माझ्या सात टी-शर्टांचं काय झालं ऐका. बायकोनं त्यातले दोन पुसायला काढले. चार दिवसांत म्हणाली, "हे पाणी शोषतच नाहीत, नुसतं इकडचं तिकडं करतात." लेबल बघितलं तर पॉलिस्टर जास्त, कॉटन नावाला. जगात आज जेवढा धागा तयार होतो त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असतो, आणि पॉलिस्टर नि कापूस एकत्र कातला की तो पुन्हा सुटा करणं महाकठीण. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होण्याचं प्रमाण जगात एक टक्क्याच्याही खाली आहे. तेव्हा रिसायकलचा डबा ठेवून ३५० नवे टी-शर्ट मागवणं म्हणजे... जाऊ दे, उपमा नको.

आणि समजा झालं सगळं रिसायकल. त्यानं शिवणारीच्या मजुरीत चार आणे तरी वाढतात का?

वॉर्निंग आणि एरर

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट आठवते. कोड कंपाइल करताना दोन प्रकारचे निरोप येतात. वॉर्निंग आणि एरर. एरर आली की बिल्ड होतच नाही, झक मारत दुरुस्त करावी लागते. वॉर्निंग आली तर? बिल्ड होतो, रिलीज जातो, सगळे घरी जातात. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये चारेक हजार वॉर्निंग होत्या. प्रत्येक नवीन माणूस पहिल्या दिवशी दचकायचा आणि तिसऱ्या दिवशी सरावायचा.

कपड्यांच्या ब्रँडांनी वेबसाइटवर लावलेल्या आचारसंहिता, हिरवी पानं, 'आम्ही कटिबद्ध आहोत' वगैरे, ह्या सगळ्या वॉर्निंग. मोडल्या तरी माल निघतो. मला आजवर जेवढं समजलंय त्यावरून सांगतो, या धंद्यात खरा बदल झाला तो कुणीतरी वॉर्निंगची एरर केली तेव्हाच. दोन उदाहरणं देतो.

पहिलं तिरुपूरचं, म्हणजे आमच्या १८५ वाल्याच्या 'तिकडंच कुठंतरी'चं. तिथं नोय्याल नावाची नदी आहे. तिच्यावर ओरतुपाळयमला शेतीसाठी धरण बांधलं आणि त्यात वरच्या डाइंगवाल्यांचं खारट, रंगीत पाणी साठत गेलं. इतकं, की ज्यांच्यासाठी धरण बांधलं ते शेतकरीच पाणी सोडू नका म्हणून कोर्टात गेले. कित्येक वर्षं तारखा, मुदती, आश्वासनं, म्हणजे वॉर्निंगच. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टानं सातशेच्या वर डाइंग-ब्लीचिंग युनिटं बंद करायला लावली. पाणी बाहेर एक थेंब सोडायचा नाही, सगळं शुद्ध करून परत वापरायचं, ते जमलं तरच चालू करा.

हाहाकार झाला. मजूर गावी परतले, बारकी युनिटं कायमची गेली. ही किंमत लपवण्यात अर्थ नाही. पण धंदा संपला का? तिरुपूर आजही देशाचं टी-शर्टचं गाव आहे. पाणी शुद्ध करण्याचा खर्च तिथं आता कोटेशनात येतो. शुद्ध करून उरलेल्या मिठाच्या गाळाचं काय करायचं हा प्रश्न अजून आहे, चोरून सोडणारेही अधूनमधून सापडतात. तरीपण 'पाणी' ही ओळ रबराची होती, ती बऱ्यापैकी लोखंडाची झाली.

दुसरं उदाहरण ढाक्याजवळच्या सावरचं. २३ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला भेगा दिसल्या. इमारत रिकामी केली. दुसऱ्या दिवशी खालची बँक आणि दुकानं बंदच राहिली. वरच्या मजल्यांवरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र कामगारांना आत बोलावलं, ऑर्डरी पुऱ्या करायच्या होत्या. न आल्यास पगार कापू, अशा धमक्या मिळाल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं. सकाळी नऊच्या सुमारास इमारत बसली. ११३४ माणसं गेली, त्यात बहुसंख्य तरुण बायका. बँकेचा क्लार्क आणि शिलाई मशीनवरची बाई, दोघांनी एकच भेग बघितली होती. एकाला घरी राहता आलं, दुसरीला नाही. फरक फक्त एवढाच होता की तिची मजुरी रबराची होती.

हे कारखाने आधी तपासलेच नव्हते असं समजू नका. त्यातल्या काहींचं ब्रँडांच्या वतीनं ऑडिट झालेलं होतं. ऑडिट करणाऱ्यानं इमारत बघणं त्याच्या यादीत नव्हतं.

त्यानंतर मे २०१३ मध्ये 'अकॉर्ड' झाला. ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला करार, आणि कायद्यानं बंधनकारक. स्वतंत्र इंजिनिअर तपासणी करणार, अहवाल जाहीर होणार, दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याकडून माल घेता येणार नाही, आणि ब्रँडनं शब्द मोडला तर लवादाकडं खेचता येणार. पुढं दोन ब्रँडांना खरंच हेगच्या लवादापर्यंत नेलं आणि शेवटी त्यांनी तडजोड केली. दोनशेच्या वर कंपन्यांनी सह्या केल्या. हजारो कारखान्यांत आगीचे दरवाजे, वायरिंग, खांब दुरुस्त झाले. २०२३ मध्ये हीच पद्धत पाकिस्तानातही गेली.

पण बघा, अकॉर्डमध्ये इमारत होती, मजुरी नव्हती. त्यामुळं इमारती सुधारल्या आणि मजुरी रबराचीच राहिली. २०२३ च्या अखेरीस बांगलादेशातले कामगार रस्त्यावर उतरले, संघटनांची मागणी महिन्याला २३,००० टाकांची होती, मिळाले १२,५००. जी ओळ एरर केली तीच दुरुस्त होते, बाकीच्या आपोआप होत नाहीत.

आण्णांचा दुसरा प्रश्न

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी कमिटीला सुचवलं, की आधी विचारूया, टी-शर्ट हवाय कुणाला? एक साधा फॉर्म पाठवला: 'यंदा टी-शर्ट हवा / नको.' नको म्हणणाऱ्याला दुसरं काहीही मिळणार नव्हतं, ना कूपन ना चॉकलेट. ३५० पैकी २०५ जणांनी हवा म्हटलं. म्हणजे १४५ जणांना तो नकोच होता! आणि आम्ही दरवर्षी त्यांच्यासाठी कापूस पिकवत, रंगवत, शिववत होतो.

मी खुशीत आण्णांना फोन केला. सांगितलं, १४५ वाचवले.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत ओरडून सांगितलं.

"ऐकलं रं. १४५ नगांची मजुरी गेली नव्हं कुणाचीतरी."

आता काय बोलणार? हा माणूस पस्तीस वर्षं मीटरवर जगलाय. मंदीत कापडाला उठाव नसला की शेड आठवड्यात तीन दिवस बंद असायची आणि आमच्या घरात ते ताटात दिसायचं. 'कमी विकत घ्या' हे पुण्यात एसीत बसून म्हणायला फार सोपं आहे. मागणी कमी झाली की ब्रँड मरत नाही, आधी मरतो तो मीटरवरचा माणूस. कोविडमध्ये २०२० साली परदेशी ब्रँडांनी तयार मालाच्यासुद्धा ऑर्डरी रद्द केल्या तेव्हा बांगलादेशात लाखो कामगारांनी हे अनुभवलं.

मी म्हटलं, "आण्णा, पण त्याच पैशात महागातला घेणार आहे. नगाला जास्त मिळतील."

"मिळतील, पण कुणाला? शिवणारीला, का तुझ्या त्या टी-शर्टवाल्याला?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर पूर्ण उत्तर अजूनही नाही. जास्त किंमत दिली म्हणजे ती खालपर्यंत झिरपते, हा एक गोड समज आहे. महागड्या ब्रँडचे कपडेही कित्येकदा त्याच गल्लीत शिवले जातात. पैसा खाली पोचवायचा तर तो पोचतोय का हे विचारणारं कुणीतरी लागतं, आणि न पोचल्यास बिल्ड थांबवायचा अधिकारही लागतो. तो अधिकार मला एकट्याला, मॉलमध्ये एक टी-शर्ट हातात धरून उभा असताना, नसतो. तिथं मी फक्त अपराधी वाटून घेऊ शकतो. पण २०५ नगांची ऑर्डर देणाऱ्या कंपनीला तो थोडा का होईना असतो. आणि सरकारला, कोर्टाला, कामगार संघटनेला तर भरपूर असतो.

म्हणून मी दुसरी मेल लिहिली, तिन्ही सप्लायरना, सारखीच. तीन प्रश्न: कापड कुठल्या युनिटमध्ये रंगवलं आणि त्यांची पाणी शुद्धीकरणाची व्यवस्था काय? शिलाई कुठं होते आणि शिवणाऱ्यांना किमान वेतन मिळतं का, रजिस्टर दाखवाल का? आम्ही येऊन बघितलं तर चालेल का? उत्तर नसेल तर ऑर्डर नाही.

१८५ वाल्यानं उत्तरच दिलं नाही. २४० वाल्यानं एक चकचकीत सर्टिफिकेट पाठवलं, त्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. ३१० वाल्यानं डाइंग युनिटचं नाव दिलं, वेतनाचं रजिस्टर दाखवलं आणि म्हणाला, "या ना सर, आजवर कुणी विचारलंच नव्हतं." गेल्या शनिवारी जाऊन आलो. पत्र्याची शेड, पण दोन दरवाजे, दोन्ही उघडे. चाळीसेक बायका मशीनवर. रजिस्टरवर मासिक पगार, फंडाची कपात. मात्र धागे कापायचं काम काही बायका घरी नेतात, ते अजून नगावरच आहे, आणि तिथं रजिस्टर नाही. मी ते विचारल्यावर मालकानं विषय बदलला.

२०५ नग, ३१० रुपये, एकूण ६३,५५०. जुन्या हिशेबानं ३५० गुणिले १८५ झाले असते ६४,७५०. म्हणजे बाराशे रुपये वाचलेच! मॅनेजरला हे फार आवडलं. त्यानं पुढच्या वर्षीसाठी तो फॉर्म आणि ते तीन प्रश्न दोन्ही प्रोसेसमध्ये घातलेत. मी त्यात चौथा प्रश्न घातलाय: घरी दिलेल्या कामाचा दर काय?

यानं जग बदलत नाही, मला माहितीये. पंचगंगा अजून तशीच आहे. पण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या ऑफिसात दरवर्षी टी-शर्ट, जॅकेट, बॅगा येतात, आणि त्यांची ऑर्डर आपल्यासारखंच कुणीतरी, जेवणाच्या मुद्द्याआधी, चार मिनिटांत देतं. सोमवारी गेल्यावर त्या माणसाला एवढंच विचारून बघा, शिवतं कोण? 'आपलीच माणसं' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचारा.

हो, हिरवं पान छापायचं रद्द केलं. नगाला आठ रुपये जास्त पडत होते. :)

असो. चहा कधीचा गार झालाय. आण्णांसाठी एक टी-शर्ट बाजूला ठेवलाय, पुढच्या महिन्यात गावी जाताना नेईन. ते आधी उलटा करून शिलाई बघतील, मग हातात घेऊन कापड ताणतील आणि विचारतील, "केवढ्याला पडला?"